तळघरातलं झाकण

आमच्या घराच्या तळघरात, वॉशिंग मशीनच्या मागे, फरशीत एक चौकोनी लोखंडी झाकण आहे. ताबा घेतला त्या दिवशी आधीचे मालक आम्हाला मुद्दाम तिथे घेऊन गेले, हातातल्या काठीने झाकणावर टकटक केलं आणि इथल्या अस्सल श्वेबिश बोलीत काहीतरी सांगितलं. मी आणि नवरा, दोघांनीही "या, या", म्हणजे जर्मनमध्ये हो, हो, म्हणत माना डोलावल्या. आजोबा काय म्हणाले ते आम्हाला दोन वर्षांनी कळलं. तेव्हा तळघरात घोट्याच्या वर पाणी होतं.

घर जर्मनीत, श्टुटगार्टपासून लोकलने अर्ध्या तासावर आहे. १९६८ सालचं, रांगेतलं, दोन्ही बाजूंच्या भिंती शेजाऱ्यांबरोबर वाटून घेतलेलं. २०२१च्या उन्हाळ्यात घेतलं. तेव्हापासून ओळखीतले आणि ओळखीच्यांच्या ओळखीतले फोन करून विचारत असतात, व्याज किती पडलं, बँकेने किती दिलं, एजंट चांगला होता का. घेतल्यावर घर चालवायचं कसं, हे अजून एकानेही विचारलेलं नाही. आम्ही तरी कुठे विचारलं होतं?

तरी खरेदीचं आधी सांगून टाकते, कारण पुढच्या बऱ्याच गोष्टींची मुळं तिथेच आहेत. परदेशी माणसाने जर्मनीत घर घेऊ नये असा कायदा नाही. बँक मात्र राहण्याचा परवाना बघते. आमच्याकडे ब्लू कार्ड, म्हणजे उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांना मिळणारा मुदतीचा परवाना, होतं. तेव्हाच्या नियमाने बी-१ पातळीचं जर्मन येत असेल तर एकवीस महिन्यांनी कायम वास्तव्याचा परवाना मिळायचा, नाहीतर तेहतीस. तो हातात पडला आणि तोपर्यंत गुळमुळीत उत्तरं देणाऱ्या बँका सरळ बोलायला लागल्या. किमतीवरचा खर्च मात्र आधीच मोजून ठेवा. खरेदीवरचा कर राज्यागणिक वेगळा असतो. बव्हेरियात ३.५ टक्के, नॉर्डऱ्हाइन-वेस्टफालियात ६.५, आमच्या बाडेन-व्युर्टेमबर्गमध्ये ५. नोटार आणि नोंदणी मिळून दोनेक टक्के. दलालीत आमचा वाटा ३.५७ टक्के. डिसेंबर २०२०पासून घेणाऱ्यावर निम्म्याहून जास्त दलाली लादता येत नाही, तेवढं आमचं नशीब. म्हणजे दर एक लाख युरोमागे साधारण साडेदहा हजार, आणि हे पैसे बँक सहसा देत नाही. ते आपल्या खिशातून जातात.

आता नोटार. आपल्याकडे नोटरी म्हटलं की कोर्टाबाहेरचं टेबल, शिक्का आणि दोन मिनिटांचं काम डोळ्यांसमोर येतं. इथला नोटार हे वेगळंच प्रकरण आहे. तो ना विकणाऱ्याचा वकील, ना घेणाऱ्याचा. कायद्याने त्याला अख्खा करार दोन्ही पक्षांसमोर मोठ्याने वाचावा लागतो. मोठ्याने, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत. आमचा करार सव्वीस पानांचा होता. पारायणाला बसावं तसे आम्ही सगळे बसलो होतो आणि साहेब श्वास न घेता वाचत होते.

पण त्याच्या आधी एक अपमान झाला होता, निदान मला तेव्हा तो अपमान वाटला होता. मसुदा तीन आठवडे आधी आला. शंका विचारायला मी फोन केला आणि माझ्या बी-१ प्रमाणपत्राचा उल्लेखही केला. नोटारसाहेब शांतपणे म्हणाले, "कलम सात काय सांगतं ते तुमच्या शब्दांत सांगा." मला सांगता येईना. मी कलम सात शब्दकोश घेऊन वाचलेलं होतं, प्रत्येक शब्दाचा अर्थ येत होता, पण एकूण वाक्य काय म्हणतंय ते येत नव्हतं. "दुभाषी लागेल," ते म्हणाले, "नाहीतर मी हा दस्त करणार नाही." जर्मन पुरेसं येत नसणाऱ्याला दस्त तोंडी भाषांतर करून समजावलाच पाहिजे, असं त्यांचा कायदा सांगतो. खर्च आमचा. मराठीचा दुभाषी कुठला मिळायला, इंग्रजीचा आणला. नवरा म्हणाला, "जाऊ दे गं, परीक्षेत पास, तोंडीत नापास."

कलम सात म्हणत होतं की घर आहे त्या स्थितीत विकलं आहे आणि नंतर सापडलेल्या दोषांबद्दल विकणारा जबाबदार नाही. अपवाद एकच, त्याने ठाऊक असूनही दोष लपवला असेल तर. जुन्या घरांच्या करारात हे कलम बहुतेक असतंच. म्हणून इथे खरेदीपूर्वी पाहणी करणाऱ्या तज्ज्ञावर केलेला खर्च वाया जात नाही. आम्ही तो वाचवला.

पैसे सहीच्या दिवशी द्यायचे नसतात, हेही नवीन होतं. नोटार आधी जमीन-नोंदवहीत, म्हणजे ग्रुंडबुखमध्ये, आपल्या नावाची राखीव नोंद करून घेतो, जेणेकरून त्याच घराचा सौदा मालक दुसऱ्याशी करू शकणार नाही. मग त्याचं पत्र येतं, आता पैसे भरा. त्या पत्राआधी एक सेंटही द्यायचा नाही. कर भरला की कर-कार्यालय दाखला देतं आणि त्यानंतरच नोंदवहीत नाव बदलतं. आमचं नाव लागायला साडेचार महिने गेले. तोवर आम्ही रंगही देऊन झालो होतो.

आणि मग पत्रं सुरू झाली.

पहिलं धुराडं साफ करणाऱ्याचं. काळे कपडे, खांद्यावर ब्रश, आणि दिसला की शुभ असं इथे समजतात. आम्हाला वाटलं जाहिरात असेल. टाकून दिलं. ती जाहिरात नव्हती. प्रत्येक भागाला सरकारने नेमलेला एक शोर्नश्टाइनफेगर असतो. सात वर्षांत दोनदा तो घरातली सगळी जळणाची साधनं बघून जातो आणि एक आदेश देतो, त्यात अमुक तपासणी अमुक तारखेच्या आत करा असं लिहिलेलं असतं. तपासणी २०१३पासून आपण दुसऱ्या कुणाकडूनही करून घेऊ शकतो, पण ती झाल्याचं त्याला कळवायची जबाबदारी मालकाची. मुदत चुकली की कार्यालय स्वतः माणूस पाठवतं आणि बिल आपल्याला. बुवा पुढे घरी आले, बॉयलरच्या धुरात नळी घातली, आकडे लिहिले आणि बूट पुसून पोटमाळ्यावर गेले. खाली येऊन म्हणाले, "वर इन्सुलेशन नाही. तुमच्याकडे दोन वर्षं आहेत."

हा नियम जुनं घर घेणाऱ्या प्रत्येकाला आधी सांगायला हवा. वरच्या मजल्याच्या छताला इन्सुलेशन आणि थंड खोल्यांतून जाणाऱ्या गरम पाण्याच्या नळांना वेष्टण हे जुन्या घरांनाही सक्तीचं आहे. पण २००२च्या फेब्रुवारीच्या आधीपासून जो मालक स्वतःच्या एक-दोन कुटुंबांच्या घरात राहतोय, त्याला माफी आहे. आमचं घर विकणारे आजोबा १९६८पासून राहत होते, त्यांना माफी. घर विकलं की माफी संपली, आणि नव्या मालकाला दोन वर्षांत ते काम करावं लागतं. म्हणजे घर तेच, पोटमाळा तोच, पण बिल आमचं. नळांना वेष्टण आम्ही दोघांनी एका शनिवारी स्वतः घातलं, माळ्याचं काम कारागिराने केलं.

कारागिराचं एक सांगते. हांडवेर्कर मिळणं हीच मुळात एक तपश्चर्या आहे, दोन-तीन महिने थांबायची तयारी ठेवा. मिळाला आणि म्हणाला की रोख द्या, पावती नको, स्वस्तात करतो, तर मोहात पडू नका. ते बेकायदा आहेच, शिवाय काम बिघडलं तर दाद मागता येत नाही. उलट रीतसर बिल घेतलं, त्यात मजुरी वेगळी दाखवायला लावली आणि पैसे बँकेतून दिले, तर राहत्या घरातल्या कामाच्या मजुरीचे २० टक्के, वर्षाला १,२०० युरोपर्यंत, थेट आपल्या आयकरातून वजा होतात. सामानाचे पैसे त्यात धरत नाहीत. रोख दिले तर पावती असूनही सवलत नाही. पहिल्या वर्षी आम्ही बाथरूमच्या कामाचे पैसे प्लंबरच्या हातात रोख ठेवले, त्याने रीतसर पावतीही दिली, आणि आमची सवलत गेली. बिलं जपून ठेवा. घरदुरुस्तीची बिलं खाजगी माणसानेही दोन वर्षं ठेवायची असा नियम आहे. मी तर सगळीच ठेवते.

घरपट्टीचं २०२२मध्ये मोठं रामायण झालं. देशाच्या घटनात्मक न्यायालयाने २०१८मध्ये जुनी पद्धत रद्द केली होती, म्हणून देशभरच्या प्रत्येक मालकाला नव्याने विवरण भरायचं होतं, तेही ऑनलाइन. मुदत ऑक्टोबर २०२२पर्यंत होती, ती जानेवारी २०२३पर्यंत वाढवली. आमच्या राज्यात हिशेब सोपा होता, इमारत बघतच नाहीत, जमिनीचं क्षेत्रफळ आणि तिथला जमिनीचा दर एवढंच. रांगेतल्या घराची जमीन मूठभर, त्यामुळे आमचं बरं झालं. मोठी बाग असलेल्या समोरच्या आजी मात्र अजून चिडलेल्या आहेत. नवी घरपट्टी जानेवारी २०२५पासून लागू झाली. हप्ते फेब्रुवारी, मे, ऑगस्ट आणि नोव्हेंबरच्या पंधरा तारखेला. खात्यातून आपोआप जातील अशी सोय करून टाका.

आता झाकण.

ऑगस्ट २०२३मधली संध्याकाळ. दुपारपासून ढग भरून आले होते आणि साडेसहाला आभाळ फाटलं. पाऊण तासाने मी खाली कपडे काढायला गेले, तर फरशीतल्या जाळीतून गुळण्या केल्यासारखा आवाज येत होता. मग जाळीतून पाणी वर आलं. काळं, गटाराच्या वासाचं, अजिबात घाई नसलेलं. वरून येणारं पाणी थांबवायला माणूस काहीतरी करू शकतो. खालून येणाऱ्या पाण्यापुढे आम्ही दोघं एक बादली आणि एक फावडं घेऊन उभे होतो.

समोरच्या आजी गमबूट घालून आल्या. वयाच्या ऐंशीत. पाण्यातून सरळ वॉशिंग मशीनकडे गेल्या, मला म्हणाल्या हे ओढ, झाकण उघड. आत एक लाल दांडा होता. नवऱ्याने तो खाली दाबायचा प्रयत्न केला, तर तो गंजून अडकलेला. शेवटी हातोडीने ठोकून बसवला. पाण्याचं वर येणं थांबलं. आजी म्हणाल्या, "वर्षातून दोनदा. सांगितलं नव्हतं का त्यांनी?"

सांगितलं होतं. काठीने टकटक करून.

त्या झाकणाखाली जे आहे त्याला रूकश्टाउक्लापे म्हणतात. जोराच्या पावसात रस्त्यातलं गटार भरलं की पाणी उलटं फिरतं आणि रस्त्याच्या पातळीखाली असलेल्या प्रत्येक घराच्या नळीतून वर येऊ पाहतं. तळघर नेहमीच रस्त्याखाली. हे रोखायचं काम नगरपालिकेचं नाही, मालकाचं आहे. म्हणून नळीत एकेरी झडप बसवतात. ती साफ करायची, रबर बघायचं, दांडा हलवून बघायचा, आणि वर्षातून दोनदा जाणकाराकडून तपासून घेऊन कागदावर लिहून ठेवायचं. आणखी एक, दांडा बंद असताना वरचे नळ आणि संडास वापरायचे नाहीत, कारण आपलंच पाणी जायला वाट नसते. हे आम्हाला त्या रात्री नऊच्या सुमारास कळलं.

मग विमा. घर विकलं की इमारतीचा जुना विमा नव्या मालकाकडे आपोआप येतो, नोंदवहीत नाव लागल्यावर एका महिन्यात तो बंद करायची मुभा असते. आम्ही तो तसाच चालू ठेवला, आणि पॉलिसी वाचली नाही. नशिबाने त्यात पूर-पावसाचं संरक्षण होतं. आमच्या राज्यात इमारतीचा असा विमा १९९४पर्यंत सक्तीचा होता, त्यामुळे जुन्या पॉलिसींमध्ये ते बहुधा असतं. इतर राज्यांत ते वेगळं मागून घ्यावं लागतं, आणि त्यातही 'रूकश्टाउ' हा शब्द लिहिलेला आहे का ते बोटाने शोधा. आमच्या पॉलिसीत शब्द होता. त्याच्या पुढच्याच ओळीत, झडप चालू स्थितीत ठेवलेली असली पाहिजे, हेही होतं. कंपनीचा माणूस आला, मोजमापं घेतली आणि झडपेच्या तपासणीचे कागद मागितले. आमच्याकडे काहीच नव्हतं. हलगर्जीपणा धरून त्यांनी भरपाई निम्मी केली. भांडायला वकील गाठला, त्याने पॉलिसी वाचली आणि सल्ल्याची फीसुद्धा अर्धीच घेतली.

भिंती, फरशी, दार हे इमारतीच्या विम्यात गेलं. वॉशिंग मशीन, फ्रीजर, पुस्तकांची सात खोकी हे घरातल्या सामानाच्या वेगळ्या विम्यात येतं, आणि तो आम्ही सर्वांत स्वस्त घेतला होता, पूर-पाऊस वगळून. पुस्तकं टाकताना नवरा काही बोलला नाही.

त्यानंतर मी एक वही केली. घरातल्या प्रत्येक चालत्या वस्तूचं एक पान. बॉयलर, झडप, बागेतला नळ. तो नळ नोव्हेंबरात आतून बंद करून बाहेरून रिकामा करायचा, नाहीतर थंडीत नळी फुटते. पॉलिसी मी एका रविवारी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. समजलं नाही तिथे थांबले आणि स्वतःलाच विचारलं, तुझ्या शब्दांत सांग. नोटारचा राग तिथे गेला.

वाचताना एक गोष्ट सापडली, ती दरवर्षी सुट्टीला भारतात जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावी. घर साठ दिवसांहून जास्त रिकामं आणि देखरेखीविना राहणार असेल तर सामानाच्या विमा कंपनीला कळवावं लागतं, असं आमच्या पॉलिसीत आहे. आणि हिवाळ्यात घर रिकामं असलं तरी ते गरम ठेवायचं आणि कुणीतरी फेरी मारून बघायचं, किंवा नळ रिकामे करायचे. हीटर बंद करून गॅस वाचवायला जाल आणि नळ फुटला तर विमा हात वर करू शकतो. बर्फाचंही तसंच. घरासमोरच्या पदपथावरचा बर्फ काढायची जबाबदारी नगरपालिकांनी बहुतेक ठिकाणी मालकावर टाकलेली आहे, सकाळी सातच्या सुमारास वाट मोकळी हवी. तुम्ही विमानात असलात तरी ती जबाबदारी तुमचीच. कुणी घसरून पडलं तर दावा तुमच्यावर. माणूस नेमा, त्याला पैसे द्या किंवा शेजाऱ्याशी बोलून घ्या. आणि मीठ टाकायच्या आधी गावचा नियम बघा, अनेक गावांना खडी चालते, मीठ चालत नाही.

नको वाटणाऱ्या विषयावर दोन शब्द. घर आम्हा दोघांच्या नावावर निम्मं-निम्मं आहे. आम्ही समजत होतो की एकाला काही झालं, बेशुद्ध पडला किंवा बरं नसलं, तर दुसरा सही करेल. तसं नाही. २०२३पासून नवरा-बायकोला एकमेकांच्या वतीने निर्णय घ्यायचा हक्क मिळाला आहे, पण तो आजारपणाच्या बाबतीत आणि सहा महिन्यांपुरता. घर विकायला किंवा कर्जाच्या कागदांवर त्याचा उपयोग नाही. त्यासाठी वेगळं अधिकारपत्र लागतं, आणि जमीन-नोंदवहीसाठी ते सहसा नोटारकडून करून घेतात. आम्ही पुन्हा त्याच साहेबांकडे गेलो. मृत्युपत्रही करून घेतलं. २०१५पासूनच्या युरोपीय नियमाने, माणूस शेवटी जिथे कायम राहत होता तिथला वारसा-कायदा सहसा लागतो, आणि जर्मन कायद्यात मुलं असतील तर मृत्युपत्राशिवाय सगळं जोडीदाराला मिळत नाही. मुलगी सहा वर्षांची आहे. तिचा वाटा विकायचा झाला तर कुटुंब-न्यायालयाची परवानगी. हे ऐकून आम्ही त्याच आठवड्यात सह्या केल्या.

परत जायचं ठरवणाऱ्यांनी आणखी दोन गोष्टी बघाव्यात. दहा वर्षांच्या आत घर विकलं तर नफ्यावर कर लागतो. विक्रीचं वर्ष आणि त्याआधीची दोन वर्षं स्वतः राहत असाल तर लागत नाही. म्हणजे भारतात जाऊन घर भाड्याने दिलं आणि चार वर्षांनी विकलं, की कर. आणि तिकडे करासाठी पूर्ण रहिवासी झालात की भारतातल्या विवरणपत्रात परदेशातली मालमत्ता दाखवावी लागते, विसरलात तर दहा लाख रुपये दंड होऊ शकतो. बाहेर राहत असताना घेतलेलं घर ठेवायला मात्र बंदी नाही.

या डिसेंबरात आम्ही पाच आठवडे जाणार आहोत. गेल्या रविवारी समोरच्या आजींना दुसरी किल्ली दिली. बर्फ त्यांचा नातू काढणार आहे, त्याचे पैसे ठरले. हीटर कितीवर ठेवलाय, पाण्याचा मुख्य कॉक कुठे आहे, सगळं दाखवलं. शेवटी तळघरात गेलो. दांड्याची तपासणी ऑक्टोबरातच झाली आहे, कागद भिंतीवर प्लास्टिकच्या पिशवीत लावलाय. पण झडप आता नवीन आहे, दांडा उलट्या बाजूला फिरतो. मी ते समजावून सांगितलं. आजी "या, या" म्हणाल्या आणि जिन्याकडे वळल्या.

मी त्यांना थांबवलं. म्हटलं, "एकदा तुम्ही फिरवून दाखवा."